दहावं उदाहरण

देवावर माझा विश्वास नाही, पण फुलपुडी मी बंद केली नाही. पूजा करायचे ते आमचे हे. रोज सकाळी तासभर घंटी वाजवायचे आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "देव बहिरा आहे का तुमचा?" तीन वर्षांपूर्वी हे गेले. देव आमच्या मुलाने, ललितने, बंगळूरला नेले. पुडी तेवढी राहिली. इथे, इंदिरानगरला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या कडीला एक कापडी पिशवी अडकवलेली असते. पहाटे साडेपाचला कुणीतरी येतं आणि तिच्यात पुडी टाकून जातं. ‘उद्यापासून नको’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मी म्हटलं नाही. माझ्या दाराशी आपणहून येणारी दिवसभरातली ती एकच गोष्ट होती. हे आधीच सरळ सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते ह्याच्यातूनच केलं.

एकतीस वर्षं मी गणित शिकवलं, आठवी ते दहावी. गायधनी बाई म्हटलं की पोरं चळचळा कापायची. द्वारका सर्कलला मला लांबून बघून रस्ता बदलणारे बाप्ये मी पाहिलेत, स्वतःची पोरं कडेवर असलेले. आता रस्ता बदलण्याइतकंही मला कुणी ओळखत नाही. सोसायटीतली माणसं जिन्यात भेटली तर हसतात आणि लगेच मोबाइलमध्ये बघतात. ललितचा फोन रविवारी येतो, जेवलीस का आणि गोळ्या घेतल्यास का. एकदा तर अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून फक्त चार आकडे बाहेर पडले, तेही गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला ओटीपी सांगताना. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आजचं बोलणं संपलं.

तर गणपती बसायच्या आठवडाभर आधी एका सकाळी पुडी उघडली आणि आतला कागद वर्तमानपत्राचा निघाला नाही. वहीचं पान होतं. शेवंतीची दोन फुलं, दूर्वा, तुळस आणि त्याखाली पेन्सिलीने सोडवलेलं एक उदाहरण. सरळ रूप द्या. अंशात एक्स वर्ग वजा नऊ, छेदात एक्स वजा तीन. सोडवणाऱ्याने काय केलं होतं? एक्स वर्गाला खालच्या एक्सने खोडलं, वर एक्स ठेवला. नवाला तिनाने खोडलं, तीन ठेवले. वजाला वजाने खोडून अधिक केलं. उत्तर आलं एक्स अधिक तीन.

आणि उत्तर बरोबर होतं! माझं डोकंच फिरलं. चुकलेल्या उत्तराची मला कधी भीती वाटली नाही. पण भलत्या वाटेने बरोबर घरी पोचलेला माणूस फार धोक्याचा, कारण पुढच्या खेपेलाही तो त्याच वाटेने निघणार. इथे नुसती बोलाफुलाला गाठ पडली होती. नऊच्या जागी आठ असते तर सगळं गडगडलं असतं. मी फुलं तशीच टेबलावर टाकली आणि लाल पेन शोधायला उठले. तीन पेनं वाळलेली निघाली, चौथं चाललं.

पानावर मी लिहिलं, ‘उत्तर बरोबर, रीत वेडेपणाची. अधिक-वजाने जोडलेली पदं अशी सुटी सुटी खोडत नाहीत. आधी अवयव पाड, मग काय खोडायचं ते बघ. अक्कल गहाण ठेवली आहे का?’ अक्षर मुलीचं वाटत होतं. कुणातरी आठवीतल्या मुलीची वही फुलवाल्याच्या रद्दीत गेली असणार, असं मी धरून चालले. पान घडी करून वर ‘जिचं असेल तिला द्यावे’ असं लिहिलं आणि पिशवीत टाकलं. कोण देतं आणि कोण घेतं! पण चूक समोर दिसत असताना मला गप्प बसवत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

दोन दिवस पुडी वर्तमानपत्रातच आली. तिसऱ्या दिवशीही वर्तमानपत्रातच, पण फुलांच्या खाली घडी घातलेलं एक पान होतं. एक्स वर्ग वजा नऊचे अवयव पाडले होते, एक्स अधिक तीन आणि एक्स वजा तीन. मग वरचा आणि खालचा एक्स वजा तीन, कंसासकट, एका सरळ रेघेने खोडला होता. खाली लिहिलं होतं, ‘सर, रागावू नका. अक्कल गहाण नाही, घरीच आहे. वापरात नव्हती.’

मी मोठ्याने हसले. रिकाम्या घरात आपलंच हसणं ऐकलं की दचकायला होतं. मग मी त्या पानावर भलीमोठी बरोबरची खूण केली, शेजारी पुढचं उदाहरण सोडव म्हणून लिहिलं आणि खाली रागानेच लिहिलं, ‘सर नाही. बाई.’

असं ते सुरू झालं. दोन-तीन दिवसांनी एक पान यायचं, एका पानावर एकच उदाहरण. दुसरं तिने नीट सोडवलं. तिसऱ्याला पुन्हा जुन्या खड्ड्यात पडली. एक्स अधिक सहा, छेद एक्स अधिक दोन, इथे थांबायचं सोडून बाईसाहेबांनी एक्सला एक्स खोडला, सहाला दोनाने खोडलं आणि उत्तर काढलं तीन. पालथ्या घड्यावर पाणी! त्या दिवशी मी पानाच्या दोन्ही बाजू भरून लिहिलं. ‘कंस म्हणजे घर. आतली माणसं अधिक-वजाने एकमेकांना बांधलेली असतात. खोडायचं तर वरचं अख्खं घर, खालच्या तशाच अख्ख्या घराशी. वरच्या घरातला एकटा माणूस ओढून खालच्या घरातल्या एकट्या माणसाशी खोडता येत नाही.’ उत्तर आलं, ‘समजलं बाई. फुलबाजारात गड्डीला गड्डी जाते. बांधलेल्या गड्डीतलं एक फूल ओढून नेऊ देत नाही कुणी.’

एकतीस वर्षांत एकाही मुलाने मला हे इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. आणि तेव्हाच पहिल्यांदा माझ्या मनात आलं की ही आठवीतली मुलगी नसावी. फुलबाजाराचं असं बोलणारी कुणीतरी मोठी बाई असावी. विचारायला काय हरकत होती? नाव काय, राहतेस कुठे, शिकतेस कशासाठी. पण लाल पेनाने प्रश्न विचारायची मला सवय नव्हती. लाल पेनाने उत्तरं तपासतात.

माझे दिवस मात्र बदलले. पाचलाच जाग यायची. जिन्यात चपलांचा आवाज आला की मी अंथरुणात उठून बसायचे, पण दार उघडायचे नाही. पावलं खाली गेली की मगच पिशवी आत घ्यायची. पान असेल तर लगेच वाचायचं नाही, असा मी नियमच केला होता. आंघोळ, चहा, पेपर, आणि दहा वाजता टेबलाशी बसून पान उघडायचं. नसेल त्या दिवशी जुनं काढून बघायचं, कारण तपासलेलं पान परत करण्याआधी मी ते माझ्या वहीत उतरवून ठेवत होते. एका रविवारी ललितला म्हणाले, "एक शिकवणी धरली आहे."

"किती मुलं आहेत?" त्याने विचारलं.

"एक."

"एकासाठी कशाला दगदग करतेस आई?" तो म्हणाला. मी विषय बदलला. त्याला काय सांगणार, की दगदग नसल्याचीच दगदग होत होती?

चौथं, पाचवं, सहावं. सातव्याला तिने एका चिन्हाची गडबड केली, पण ती पुढच्या पानावर स्वतःच दुरुस्त करून पाठवली. आठवं आणि नववं माझ्या हुशार मुलांनी सोडवलं असतं तसं. मी खूश होते, आणि खरं सांगायचं तर खूश नव्हते. कारण पुस्तकातला तो सरावसंच मला पाठ आहे. त्यात दहाच उदाहरणं आहेत.

दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी दहावं आलं. अंशात एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा, छेदात एक्स वर्ग वजा चार. वर अवयव पाडले होते एक्स वजा दोन आणि एक्स वजा तीन, खाली एक्स वजा दोन आणि एक्स अधिक दोन. एक्स वजा दोनचं घर वर-खाली खोडलं होतं, एकाच रेघेत, पट्टी लावून. उरलं एक्स वजा तीन, छेद एक्स अधिक दोन. आणि इथे ती थांबली होती. एक्सला एक्स खोडायचा मोह आवरून बरोबर जिथे थांबायचं तिथे थांबली होती. उत्तराला चौकट केली होती. खाली लिहिलं होतं, ‘बाई, हे दहावं. शेवटचं. तुमचे फार उपकार झाले.’

शेवटचं.

दिवसभर ते पान टेबलावर पडून होतं. मी चहा केला, तो निवला. दुपारी आडवी झाले, झोप आली नाही. उद्यापासून पुन्हा नुसती फुलं येणार. दहा वाजणार आणि दहा वाजता करायला काही नसणार. संध्याकाळी मी टेबलाशी बसले, लाल पेन उघडलं आणि पानाच्या मधोमध, त्या चौकटीवरून, मोठी फुली मारली. खाली लिहिलं, ‘चूक. पुन्हा सोडव.’

का चूक, ते लिहिलं नाही. लिहिणार काय? मनाला मी एक कारण देऊन ठेवलं होतं. छेद शून्य होईल अशा किमती एक्सला चालत नाहीत, म्हणजे दोन आणि वजा दोन, हे तिने शेवटी लिहायला हवं होतं. ऐकायला चांगलं वाटतं. पण एकतीस वर्षांत ह्या कारणासाठी मी एका पोराचा अर्धा गुण कापलेला नाही, आणि तिच्या आधीच्या नऊ पानांवरही तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. ती फुली खोटी होती. माझा हिशेब साधा होता. ती दोन-तीन दिवस डोकं खाजवेल, पान पुन्हा पाठवेल, मी म्हणेन आता जमलं, आणि मग अकरावं उदाहरण माझं मी घालून देईन. मग बारावं. वर्षभर पुरतील इतकी उदाहरणं मी त्याच संध्याकाळी काढून ठेवली, आणि सकाळी पान पिशवीत गेलं.

तीन दिवस काही आलं नाही. मी म्हटलं, सोडवत असेल. पाच दिवस झाले. आठ दिवस झाले. चोराच्या मनात चांदणं, तसं मला होऊ लागलं. पुडी हातात घेतली की आधी बोटांनी चाचपून बघायचे. फुलं, दूर्वा, तुळस, वर्तमानपत्र.

नवव्या दिवशी पुडी उघडली आणि कागद वर्तमानपत्राचा नव्हता. वहीचंही पान नव्हतं. छापील पान होतं, आठवीच्या गणिताच्या पुस्तकाचं, शिवणीतून टरकावलेलं. वर धड्याचं नाव होतं, बैजिक राशींचे अवयव. खाली तोच सरावसंच. पहिल्या नऊ उदाहरणांपुढे पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण होती. दहाव्यापुढे फुली होती, माझ्या फुलीसारखीच मोठी. त्यावर शेवंतीचं पाणी सांडून कागद मऊ झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपासून मी दार उघडं टाकून उंबऱ्यात खुर्ची घेऊन बसले. साडेपाचला जिन्यातून एक म्हातारा वर आला. डोक्याला मफलर, दोन्ही खांद्यांना पुड्यांच्या पिशव्या. अकरा वर्षं हा माणूस माझ्या दाराशी येत होता आणि मी त्याचं तोंड कधी नीट पाहिलेलं नव्हतं. मला बघून तो दचकला.

"पुडीत काय कमी आलं का बाई?"

"नाही हो. हे पान कुणाचं?" मी छापील पान पुढे केलं.

"आमच्या सूनबाईचं, सुवर्णाचं. पुस्तक व्हतं तिचं. पुड्या बांधायला आपन किलोनी रद्दी घेतो ना, त्यात घावलं व्हतं तिला. आता म्हनली, पुन्हा रद्दीत घ्या." त्याने पिशवी खाली ठेवली. "तुम्हीच तपासत व्हत्या ना? लय नाव घ्यायची तुमचं. पहिलं पान तं आमच्या म्हातारीनं चुकून पुडीला बांधलं व्हतं. त्याच्यावर लाल लिहून आलं तं घरात दोन दिस भ्याली व्हती ती. मंग म्हनली, बाई कडक हे, पन खरं सांगती."

"मग सोडलं का तिनं?"

"तिला बाहेरून दहावीला बसायचं व्हतं. सातवीत गणितात नापास झाली, तं बापानी शाळेतून काढली. कुंदन, माझा पोरगा, तो म्हनत व्हता, सतरा नंबरचा फारम भरून टाक, बघू काय व्हईल ते. पन तीच लय भित्री. म्हनली, ह्या एका धड्यातली दहाच्या दहा बरोबर आली, तंच भरीन. नाय तं लोकांत हसं नको. नऊ आली ना बाई. दहावं चुकलं."

"मग पुन्हा सोडवायचं!"

"सोडवलं की. तीन दिस तेच करीत व्हती. दर टायमाला तेच उत्तर यायचं. मंग म्हनली, जे मला बरोबर वाटतं तेच चूक निघतं, तं हे आपल्याला जमायचं नाय."

"फॉर्म?" मी विचारलं.

"तारीख गेली ना. सोमवारी." त्याने पुडी पिशवीत टाकायच्या ऐवजी माझ्या हातात दिली, मी घराचा पत्ता विचारला तो सांगितला आणि पुढच्या दाराकडे वळला. त्याचं नाव पुंजाराम, हेही मला तेव्हाच कळलं.

दहा वाजता मी रिक्षा केली आणि शहराबाहेर पाथर्डी गावाकडे निघाले. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. फोनवर सांगावं. चिठ्ठी लिहावी. चिठ्ठ्यांनीच तर सगळं केलं होतं. रिक्षावाला म्हणाला, "आजी, फुलं घ्यायची का?"

गावाच्या पुढे डाव्या हाताला त्यांचा मळा. झेंडू संपत आलेला, शेवंती पिवळीधमक. बांधाला पत्र्याची शेड, शेडमध्ये फुलांचे ढीग, आणि ढिगाशी बसून एक तिशीची बाई गड्ड्या बांधत होती. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं बोटाला. पलीकडे तिची सासू, नवसाबाई, टोपलीतून खराब फुलं निवडत होती. मी नाव सांगितलं. सुवर्णा ताडकन उठली, हात पदराला पुसले, प्लास्टिकची खुर्ची ओढली.

"बाई, तुम्ही? इथं? बसा ना. आई, चहा ठेवा."

चहाची वाट बघितली असती तर माझा धीर गेला असता. "तुझं दहावं बरोबर होतं," मी म्हणाले.

"काय?"

"दहावं उदाहरण. बरोबर होतं. मी फुली मारली ती चुकून नाही, मुद्दाम मारली."

‘मुद्दाम’ तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "एक्स वजा तीन, खाली एक्स अधिक दोन?"

"हो."

"तेच? त्यात काय बदलायचं नव्हतं?"

"काहीच नव्हतं. माझ्या हुशारातल्या हुशार मुलांनी तसंच सोडवलं असतं."

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ती वळली आणि शेडमध्ये घुमेल असं ओरडली, "आई! बरोबर व्हतं! दहाच्या दहा! बाई स्वतः सांगायला आल्या!"

"बरं झालं की," नवसाबाई चुलीकडे जाता जाता थांबल्या. त्यांनाही आनंद झाला होता. मग त्यांनी साधेपणानेच विचारलं, "मंग आता फारम?"

सुवर्णा हळूहळू खाली बसली. "तारीख गेली," ती म्हणाली. सासूला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आता मघाचा शब्द तिला ऐकू आला असावा. "मुद्दाम का मारली?"

मी सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "खाली तू लिहिलं होतंस, शेवटचं. मला वाटलं, आता पान येणार नाही. घरात मी एकटी असते. दिवस जात नाही. तुझं पान आलं की तो दिवस बरा जायचा. म्हणून मारली." हे शब्द मी ललितला कधी सांगितले नव्हते, आमचे हे आजारी असताना हॉस्पिटलात कुणाला सांगितले नव्हते. आणि ते सांगायला मी कुठे आले होते, तर जिचं वर्ष मी खाल्लं तिच्याचपुढे.

नवसाबाईंनी चहा आणून दिला, तो मी हातात धरून बसले.

"तिसऱ्या दिवशी मी एक केलं व्हतं बाई," ती शेवटी म्हणाली. "एक्सच्या जागी पाच टाकून बघितले. वरच्या अख्ख्या उदाहरणात टाकले, अन् मंग माझ्या उत्तरात टाकले. दोन्हीकडं दोन सप्तमांशच आलं. मंग सहा टाकले, तरी सारखंच. म्हंजी माझं बरोबर हे, हे मला दिसत व्हतं." तिने दोरा बोटाला गुंडाळला. "पन म्हनलं, बाईंची फुली हे. बाई खोटी फुली कशाला मारतील? मंग माझंच काहीतरी चुकत आसन."

मी तिला ही रीत शिकवलेली नव्हती. कुठल्याच पानावर नाही. ती तिची तिने काढली होती, आणि ती पक्की होती, आणि माझ्या एका फुलीपुढे तिने ती टाकून दिली होती. एकतीस वर्षांत मी मुलांना काय काय बोलले असेन, पण असं कुणाला लुबाडलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी फॉर्म भर," मी म्हणाले. "मी शिकवते. सगळं शिकवते, भूमितीसुद्धा. तू माझ्याकडे ये. नाहीतर मी इथे येईन रोज."

"भरीन," ती म्हणाली. "पुढच्या साली भरीनच. पन आता माझं मीच तपाशीन बाई."

रागाने म्हणाली नाही. कष्टाने मिळवलेलं उत्तर सांगावं तसं म्हणाली. मला कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि उठले. नवसाबाईंनी शेवंतीची एक गड्डी बळेच माझ्या हातात कोंबली. आल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवू नये, म्हणाल्या. मी बांधापर्यंत गेले तेव्हा मागून सुवर्णा आली. तिच्या हातात अजून दोरा होता.

"नुसतं ‘ये’ लिहायचं व्हतं बाई," ती म्हणाली. "फुली मारली तिथंच. वीस मिनिटांचा तं रस्ता हे. मी आले असते."

शेडमधून तिला हाक आली आणि ती परत गेली. रिक्षा फाट्याला मिळणार होती. मी फाट्याकडे चालू लागले.